थडग्याच्या दगडाचं बाक

इवाकिची मिस्त्री नेमका कुणावर चिडलेला असायचा ते विचारू नका. यादी लांब आहे. जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्यावर त्याने चाळीस वर्षं थडग्यांचे दगड घडवले, तेही असे घोटून की सुनांनी त्यात बघून केस विंचरावेत. विंचरतातही, नावं कशाला घ्या.

अशा माणसाच्या नशिबी शिल्पकार हेन्री त्सुबोता आला. बाप इथला, आई अमेरिकन. तिकडे त्याला जपानी म्हणत, इकडे अमेरिकन. हट्ट मात्र दोन्हीकडचा पुरेपूर उचललेला.

"दगड नुसता फोडायचा, मिस्त्री. घासायचा नाही. धक्क्यावर बाक करू, लोक बसतील."

मिस्त्रीने कुरकुरत पाचरी ठोकल्या आणि दगड असा सरळ उकलला की त्याचाच विश्वास बसेना. जन्मातलं सगळ्यात चांगलं काम! आणि गाव ते रोज बघणार.

बघणार कसलं! बोटीची वाट बघत म्हाताऱ्या गुडघे चोळत उभ्या राहत, पण बसत नसत. या जातीच्या दगडाची थडगीच होतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यातल्या ओतात्सुआजीने तर बाकापुढे उदबत्ती लावली. शेवटी नगरपालिकेने कळवलं: शनिवारपर्यंत कुणी बसलं नाही, तर दगड अमेरिकेतल्या कुठल्याशा चौकात रवाना.

शनिवारी मिस्त्री भडकला. "साहेब, तुम्हीच बसून दाखवा! तुमच्याकडे तर टेबलावर पाय ठेवतात."

त्सुबोता पुढे झाला. थबकला. बूट काढले. कमरेत वाकून नमस्कार केला आणि तसाच उभा राहिला.

"आता काय?"

"लहानपणी माझ्या इथल्या आजीने बजावलं होतं, असल्या दगडावर..."

"घ्या! बसायची वेळ आली आणि साहेब जपानी झाले!" मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला, उदबत्ती बाजूला सारली, बाकावर फतकल मारली आणि डबा उघडून भाताचा गोळा तोंडात कोंबला.

"मेल्या, कुणाच्या डोक्यावर बसलास?" ओतात्सुआजी किंचाळली.

"कुणाच्याच नाही! खाली नुसतं काँक्रीट आहे, मीच ओतलंय. कुठे नाव कोरलेलं दिसतंय का?"

आजीने चारी बाजूंनी फिरून, बोटांनी चाचपून पाहिलं. नाव नाही. बिननावाचं थडगं गावात कुणी ऐकलं नव्हतं.

"मग आधी सांगायला दातखीळ बसली होती? महिनाभर उभी ठेवलीस मला! सरक तिकडे."

ती बसली. तिच्या मागून दुसरी, तिसरी. नगरपालिकेचा कारकून टिपून घेत होता. चौथी आली तेव्हा मिस्त्रीलाच उठावं लागलं, आणि उरलेला भात त्याने उभ्यानेच, चडफडत संपवला.