शेक घेताना पायावर कोण बसायचं?

भूतबित म्हणलं की मी हसायचो. उभी हयात फुलंब्रीकडच्या रानात मेंढरामागं गेली, एक भूत भेटलं नाय — माझं थोबाड बघून तेच पळालं आसंल. शाळा पाहिली नाय, म्हणून मोबाईलमधी बोलतोय, तो लिहितोय. चुकलं तर त्याला बोला.

सत्तरी वलांडली आन् नाकाशेजारी फोड आला. बरा व्हईना. मी हळद लावत बसलो... शहाणाच ना. संभाजीनगरच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला — कातडीचा कॅन्सर. डॉक्टर म्हणले, "बाबा, या वयात कापाकापी नको, रेडिएशन देऊ." आमच्यात त्याला शेक म्हणतेत.

त्यासाठी तोंडाच्या मापाची जाळी केली. ती घालून टेबलाला आवळतेत, हलायचं नाय. मळणीच्या बैलाला घालतेत तसं मुसकंच. घरची म्हातारी म्हणली, "बरं झालं, घडीभर तरी तोंड बंद राहील."

पहिल्या दिशी दार लागलं, आत मी एकटा... असे हातपाय झाडले की मशीन थांबवावं लागलं. तिथून पळालो ते क्रांती चौकात, चहाच्या टपरीमागं लपलो. म्हातारीनं हुडकलं.

"लांडग्याला भेला नाय, आन् जाळीला भेता व्हय?" म्हणली. मग हळूच म्हणली, "शेक नाय घेतला तर मी भांडू कुणासंगं?"

दुसऱ्या दिशी परत मुसकं. आता उठतोच, म्हणलं... तेवढ्यात पायावर वजन बसलं. उबदार. ओळखीचं. भुऱ्या — आमचा कुत्रा. करमाडजवळ तळ व्हता तवा म्हातारा होऊन मेला, लई वर्सं झाली. माझ्या पायावरच झोपायचा. मेंढरं उठली की पावलं एकदा तुडवायचा आन् मग निघायचा.

मी गप पडून राहिलो.

मशीनवाली ताई नंतर म्हणली, "बाबा, पायावर काय ठेवलं होतं? कॅमेऱ्यात चादर दबलेली दिसत होती." मी तर कुणाला काय बोललोच नव्हतो.

मग रोज तसंच. शेवटच्या दिशी मशीन बंद झालं, आन् दार उघडायच्या आधी दोन्ही पावलं एकदा तुडवली गेली. वजन उठलं.

फोड गेला, डाग राहिला. आधी कुठं देखणा व्हतो. डॉक्टरला सांगितलं तर म्हणले, पायाला मुंग्या आल्या असतील. आसंल बाबा, ते शिकलेले. पर चादर तर ताईनं पाहिली.

म्हातारी शेजारीच बसून ऐकत व्हती. तवापासून चतकोर भाकर दाराबाहेर ठेवती. सकाळी नसती. गल्लीतली कुत्री खात आसतील.

मी बघायला गेलो नाय.