मोजणीबाईंची छत्री

मोजणीबाईंची छत्री उघडलेली मी एकदाही पाहिली नाही. जून-जुलैत त्या रेनकोट घालून येत आणि डिसेंबरात, आभाळात ढगाचा तुकडा नसताना, सहलीच्या दिवशी छत्री घेऊन येत. काळी, पुरुषी, लाकडी मुठीची. त्या मुठीने त्या मुलांची डोकी मोजत. बसच्या दारात उभं राहून चढणाऱ्या प्रत्येकाच्या टाळूवर एक हलका ठोका आणि तोंडाने आकडा. आठवी-नववीची मिळून आमची अठ्ठेचाळीस मुलं. ती संपली की मागून चढणाऱ्या माझ्या खांद्यावर एकोणपन्नासावा ठोका बसे. मी तेव्हा पन्नाशीला आलेला, मराठी शिकवणारा, गावात दोनचार ठिकाणी अध्यक्षीय भाषण केलेला मनुष्य होतो. मुठीला ते माहीत नव्हतं. शेवटी त्या स्वतःच्या खांद्यावर मूठ टेकवत, "पन्नास" म्हणत आणि ड्रायव्हरला सांगत, "सोड रे."

हजेरीपुस्तकात त्यांचं नाव झुलेखा मुकादम. घराणं बंदरावरचं, वडिलांचा सुक्या मासळीचा व्यापार. त्या भूगोल शिकवत. रजेचा अर्ज शुद्ध प्रमाण मराठीत लिहीत आणि तो नामंजूर झाला की मालवणीत बोलत. मोजणीबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि त्यांना ते माहीत होतं. एका मुलाने वहीवर विषयशिक्षिकेच्या नावापुढे तेच लिहिलं, तेव्हा त्यांनी सही करून वही परत दिली.

त्यांच्याबरोबर सहलीला जाणं ही शिक्षा होती. बस सुटताना मोजणी, चहाला थांबली की उतरताना मोजणी, चढताना मोजणी. फोंडाघाटच्या बाजारात मुलांनी पाच मिनिटं उसाचा रस प्यायला तर रसाच्या आधी आणि रसाच्या नंतर मोजणी. जामसंड्याला एका आमरसाच्या कारखान्यात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातानासुद्धा त्या दारात छत्री घेऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बाई, या खोलीला दुसरं दारच नाही, मुलं जाणार कुठे? त्या म्हणाल्या, "मोजतंय म्हणान परत येतत." या विधानाशी वाद घालता येत नाही. मुलं नेहमीच परत येत, त्यामुळे ते खोटं ठरवण्याची संधीच मिळत नसे.

एक कमी भरलं तर कोणीही घाबरतं. बाई एक जास्त भरलं तरी बस हलू देत नसत. देवगडच्या दीपगृहापाशी एकदा आकडा एक्कावन्न आला. ड्रायव्हर म्हणाला, जास्तच आहे ना, मग चला. बाईंनी सगळ्यांना उतरवलं आणि पुन्हा मोजलं. घाटावरच्या कुठल्याशा शाळेची एक मुलगी आमच्या मुलांच्या हातातल्या गोड खाज्याच्या पुड्या बघून आमच्या रांगेत मिसळली होती आणि खिडकीजवळची जागा पकडून बसली होती. तिची शाळा शोधायला पाऊण तास गेला. सापडली तेव्हा तिचे गुरुजी दीपगृहाबरोबर स्वतःचा फोटो काढून घेत होते आणि आपलं काही हरवलं आहे हे त्यांना आमच्याकडून कळलं. पाऊण तास उन्हात उभा राहिलेला मी त्यांच्यावर चिडायला हवा होतो. मी बाईंवर चिडलो. तेच सवयीचं होतं.

या बाईंच्या आणि माझ्या गळ्यात संस्थेने एक आठवडा बांधला. दप्तराविना समृद्धी सप्ताह. मुलांना वर्गाबाहेरचं जग दाखवायचं, हाताला काम द्यायचं, हा हेतू मला मान्य होता. पण आमच्याकडे कुठलाही हेतू आधी फलकावर छापावा लागतो. फलक अकरा फुटांचा झाला. त्यात आठ फूट संस्थेचे अध्यक्ष, दोन फूट सप्ताहाचं नाव आणि उरलेल्या फुटात कोपऱ्यातली मुलं. सप्ताहाचं उद्घाटन चौथ्या दिवशी ठेवलं होतं, कारण त्याआधी अध्यक्षांना वेळ नव्हता. सप्ताहप्रमुख मी. वेळापत्रक मी बनवलं आणि त्यातल्या चौथ्या दिवसाच्या पहिल्या ओळी मला अजून पाठ आहेत: सकाळी नऊ ते पावणेदहा, रापण (निरीक्षण व आनंद). पावणेदहा ते दहा, हातपाय धुणे. अकरा वाजता उद्घाटन.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते, दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूत येतात आणि माणसांच्या दोन रांगा त्या ओढत राहतात. दोन तास लागतात, कधी चार. ते पाऊण तासात बसवणाऱ्याने आयुष्यभर किनाऱ्यावर राहून समुद्राकडे पाठ केली होती, असं बाई म्हणाल्या. म्हणजे मी. वेळापत्रक छापून झालं होतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही.

त्या सकाळी किनाऱ्यावर तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, जाळं वाळूत तसंच ठेवून विडी ओढत बसला होता. त्याची बरीचशी माणसं पर्यटकांना बोटीतून फिरवायला गेली होती. तिथे रोजचा पैसा पक्का. तो बाईंना म्हणाला, "बाई, माझी माणसां बारा. रापण ओढूक चाळीस लागतत. तुमची पोरां शेवटपर्यंत रवतली तर टाकतंय. नायतर होडी घालूचंय नाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "रवतली. मोजून घे."

जाळं समुद्रात गेलं. मुलं दोन रांगांत वाटली गेली, मीही विजार गुडघ्यापर्यंत दुमडून एका दोरीला लागलो. पहिली दहा मिनिटं मजा वाटली. मग तळहात सोलवटले आणि जाळं काही जवळ येताना दिसेना. पावणेदहा झाले, हातपाय धुण्याची वेळही गेली. साडेदहाला मुख्याध्यापकांचा फोन आला की अध्यक्ष निघालेत. मी बाईंना म्हटलं, आता पुरे, मुलांना अनुभव आला. त्या दोरी न सोडता म्हणाल्या, "तेच्या बारा माणसांनी आता जाळां समुद्रात सोडून देवचां? साहेबांका सांगा, दोरी हातात आसा."

हे वाक्य मी फोनवर सांगू शकलो नाही. कोणीतरी समोर जाऊन सांभाळून घ्यायला हवं होतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि दोरी सोडली. माझ्यामागचा मुलगा एक पाऊल पुढे सरकला आणि माझ्या जागी आला. मी स्कूटर काढून शाळेत गेलो.

अध्यक्षांनी दीप उजळला तेव्हा समोर दहावीची अकरा मुलं, शिपाई आणि उरलेल्या रिकाम्या खुर्च्या होत्या. त्यांनी भाषण मात्र पूर्ण केलं. वर्गाबाहेर पडा, श्रमाला लाजू नका, असं ते रिकाम्या खुर्च्यांना कळकळीने सांगत होते, आणि ज्यांना सांगायचं ती मुलं त्याच वेळी वाळूत टाचा रोवून उभी होती. मी टाळ्या वाजवल्या. इतरांपेक्षा जरा जास्तच वाजवल्या असतील.

रापण साडेबाराला वर आली. बांगडे, तारल्या, थोडी कोळंबी आणि बरंच प्लास्टिक. रापणीचा नियम जुना आहे, ज्येना दोरी धरल्यान तेका वाटो. तांडेलाने अठ्ठेचाळीस मुलांचे छोटे छोटे ढीग वाळूत मांडले, बाईंचा मांडला आणि माझाही मांडला. अर्ध्यावर का होईना, धरली तर होती, असं तो म्हणाल्याचं नंतर कळलं. माझा वाटा बाईंनी संध्याकाळी स्वतः घरी आणून दिला. बायकोने बांगड्यांचं तिखलं केलं. फार चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी काजूच्या कारखान्यात जायचं होतं. बाई बसच्या दारात उभ्या. अठ्ठेचाळीस ठोके झाले, मी पायरीवर पाय ठेवला आणि मूठ माझ्या खांद्यावरून न टेकता गेली. त्यांनी ती स्वतःच्या खांद्यावर टेकवली आणि म्हणाल्या, "एकोणपन्नास. सोड रे." मी बसमध्ये होतो आणि मोजणीत नव्हतो. इतकी वर्षं त्या ठोक्याला वैतागलेल्या माणसाला त्या दिवशी बरं वाटायला हवं होतं.

आठवड्याभरात दोघांनाही खुलासा मागणारं पत्र आलं. बाईंनी कागदावर एक ओळ लिहिली: रापण आली नव्हती म्हणून आम्ही आलो नाही. खाली सही केली आणि कागद माझ्यासमोर सरकवला. मी त्यांना समजावत राहिलो. खुलाशात दिलगिरी असावी लागते, परिस्थितीचं वर्णन असावं लागतं, पुन्हा असं होणार नाही ही हमी असावी लागते. हवं तर मी लिहून देतो, असंही म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाटो खाल्ल्यात मां? मगे सही करा."

मी सही केली नाही. मी स्वतंत्र तीन पानी खुलासा लिहिला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मुलांना वेळेत परत आणण्याची सूचना मी केली होती, ती मानली गेली नाही, मी तातडीने शाळेत हजर झालो, सगळं खरं. माझं गद्य त्या तीन पानांत जितकं नितळ उतरलं तितकं पुन्हा कधी उतरलं नाही. मला तोंडी समज मिळाली. बाईंची निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना जूनमध्ये फोंडाघाटच्या बाजूच्या, संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत बदली झाली. बंदरावर जन्मलेल्या बाईला घाटाच्या पायथ्याशी पाठवण्यामागे शैक्षणिक गरज होती, असं पत्रात म्हटलं होतं. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या दिवशी घंटा झाल्यावर फाटकात उभं राहून बाहेर पडणारी सगळी शाळा मोजली आणि गेल्या.

पुढच्या डिसेंबरात सप्ताह पुन्हा झाला, रापण पुन्हा पाऊण तासाची. या वेळी तांडेलाने आमच्यासाठी वेगळी सोय केली होती. एक जुनी दोरी त्याने माडाला बांधून ठेवली होती. मुलं ती ओढत, माड हलत नसे, आणि फोटो फार चांगला येई. खरी रापण पलीकडे त्याची माणसं ओढत राहत. आम्ही निघताना त्याने पानात बांधलेले बांगडे माझ्या हातात दिले. "ह्यो बाईंचो वाटो. फोंड्याक पोचवा." मी म्हटलं, बाई तर आता इथे नाहीत. तो म्हणाला, त्यांनी दोरी सोडल्याचं त्याला आठवत नाही.

बर्फाच्या डब्यात मासे घालून एसटीने फोंड्याला जाणं हे काय असतं, ते गेलेल्यालाच ठाऊक. वाहक डबा खाली ठेवायला सांगतो, खालचा प्रवासी वर ठेवायला सांगतो आणि कणकवलीपर्यंत गाडीतला प्रत्येक मांजरप्रेमी माणूस तुमच्याकडे वळून बघतो. बाईंनी डबा घेतला, चहा दिला. विचारलं, पोरं किती गेली होती? मी आकडा सांगितला. परत किती आली? तोच आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि मला एसटीत बसवून दिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. छत्री दाराआड खुंटीला टांगलेली असे आणि ती तिथेच राही.

यंदा पट एकेचाळीसवर आला. माडाची दोरी ओढून फोटो निघाल्यावर आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हेच्या दुसऱ्या टोकाक मासे नाय, मगे आमी ओढतंव कित्याक?" बाकीची मुलं हसली. पलीकडे तांडेल मोजक्या माणसांनिशी जाळं टाकायच्या विचारात बसला होता. मी मुलांना तिकडे नेलं. त्याने मला खालून वर न्याहाळलं.

"सर, यंदा रवतल्यात, काय त्या वेळेसारखे जातल्यात?"

फोन मी बंद करून चपलेत ठेवला. रापण एकला वर आली. उद्घाटन आमच्याविना झालं, अध्यक्षांनी भाषण पूर्ण केलं असणार. तिसऱ्या दिवशी पत्र आलं. खुलासा लिहायला बसलो आणि पाहतो तो लिहिण्यासारखी एकच ओळ होती, तीही माझी नव्हती.

गेल्या रविवारी डबा घेऊन फोंड्याला गेलो. बाई आता थकल्यात, एप्रिलमध्ये निवृत्त होतील. त्यांनी माझा खुलासा वाचला, एक ओळ वाचायला लागतो त्यापेक्षा बराच वेळ लावून. कागद घडी करून परत दिला. डब्यात दोन पुड्या बघून विचारलं, दुसरी कोणाची? मी म्हटलं, माझी. निघताना त्या स्टँडपर्यंत आल्या. कोरड्या ठणठणीत दुपारी हातात छत्री.

"पोरां किती व्हती?"

"एकेचाळीस."

"परत किती इली?"

"एकेचाळीस."

एसटी लागली होती. मी पायरीवर पाय ठेवला आणि खांद्यावर लाकडी मुठीचा ठोका बसला, चांगला जोरात.

"बेचाळीस," बाई म्हणाल्या. "सोड रे."