डोकं वर करायचं नाही

आमच्या मामांना गोल्फचा नाद सरकारने लावला. पाटबंधारे खात्याने त्यांना कालव्यांचं काहीतरी शिकायला परदेशी पाठवलं होतं. कालव्यांचं काय शिकले ते त्या कालव्यांनाच ठाऊक, पण येताना एक जुनी गोल्फची काठी आणि पिशवीभर पांढरे चेंडू घेऊन आले. नांदेडजवळ विष्णुपुरीला त्यांचं क्वार्टर होतं. मागे मुरमाड माळ होता. त्यात मामांनी डालड्याचा रिकामा डबा पुरला आणि त्या माळाला ते गोल्फ कोर्स म्हणायला लागले. तिथे चरणाऱ्या म्हशींनी हरकत घेतली नाही.

मला त्यांच्याकडे पाठवलं ते दुरुस्तीला. मी तेव्हा लातूरला बारावीत होते. आमचं गाव किल्लारीच्या शिवेला लागून. भूकंपाच्या पहाटे घराचं मातीचं माळवद आमच्यावर आलं. मला ओढून काढलं, ताईला काढेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून छताखाली बसले की माझी नजर आपोआप वर जायची आणि वरच राहायची. गावाकडे याचं कोणाला नवल नव्हतं. सरकारने बांधून दिलेल्या पक्क्या घरात आम्ही सामान ठेवायचो आणि माणसं अंगणात झोपायची.

लातूरचं तसं नव्हतं. लातूर तेव्हा हुशारीचा कारखाना झालं होतं. गल्लोगल्ली क्लास, क्लासच्या बोर्डावर मेरिटमधल्या पोरांचे फोटो, आणि प्रत्येकाच्या तोंडात आईने कोंबलेला पेढा. अशा शहरात वर बघत बसणाऱ्या मुलीचं काय करायचं, हे कुठल्याच गाइडमध्ये दिलेलं नव्हतं. क्लासचे सर विचारायचे, "वर काय बघून राहिलीस? उत्तर स्लॅबवर लिहिलंय का?" वर्ग पोट धरून हसायचा. मग सराव परीक्षेत बाहेरून उसाचा ट्रक गेला, बाकं थरथरली, आणि मी भानावर आले तेव्हा पेन हातात घेऊन रस्त्यावर उभी होते. बोर्डाच्या पेपरात असं झालं तर वर्ष गेलं आणि डॉक्टर होणंही गेलं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी सगळ्यांनी सांगितलं.

मामांनी वडिलांना फोनवर निदान कळवलं. मुलीला एकाग्रता नाही, दिवाळीच्या सुट्टीत इकडे पाठवा.

मामांच्या गोल्फमध्ये चेंडू मारणं हा अगदी किरकोळ भाग होता. खरा खेळ त्याच्या आधीचा. आधी चेंडूच्या मागे उभं राहायचं. कुठे मारायचा ती जागा नजरेत धरायची. सावकाश श्वास घ्यायचा, काठी एकदा नुसती हवेत फिरवायची, मग चेंडूजवळ जायचं. दर वेळी हेच, याच क्रमाने, म्हणजे मनाला भटकायला फुरसत मिळत नाही. सत्यनारायणाच्या पूजेला यापेक्षा कमी सोपस्कार असतात. एकदा तर म्हशींचा मालक कंटाळून म्हणाला, "साहेब, मारायचंय तर मारून टाका, म्हशी खोळंबून राहिल्यात." मामांनी मारला. मुरूम उडाला, चेंडू जागेवरच होता. मामा म्हणाले, वारं फार आहे. दुसऱ्या दिवशी वारं नव्हतं, तर मामींनी चहाला हाक मारली होती. नाचता येईना, अंगण वाकडं. इथे तर अंगणही मामांनी स्वतःच निवडलेलं.

शेवटचा नियम मात्र त्यांनी खास माझ्यासाठी राखून ठेवला होता. माझ्या डोक्यावर तळहात दाबून ते म्हणाले, "चेंडू जाईपर्यंत डोकं वर करायचं नाही. जग बुडालं तरी."

जग बुडालेलं मी पाहिलं होतं. मामा तेव्हा नांदेडला होते. पण हे मामांना कसं सांगणार? मी चेंडू मारला. तो सरळ गेला. दुसराही गेला. सुट्टी संपेपर्यंत मी मामांपेक्षा बरी खेळायला लागले आणि माझं डोकं एकदाही वर झालं नाही. मामांनी वडिलांना कळवलं, पोरगी बरी झाली. छताच्या भीतीतून त्यांनी मला मोकळ्या माळावर बरं केलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. उघड्या आभाळाखाली वर बघतंय कोण?

बोर्डाचा पहिला पेपर आला. हॉलचा स्लॅब जुना, त्याला ओल आलेली. मी मामांचे सगळे सोपस्कार केले. बाकामागे उभी राहिले, फळ्यावर नजर ठेवली, श्वास घेतला, पेन हवेत फिरवलं. शेजारची मुलगी घाबरून सरकून बसली. मग मी बसले, आणि शेवटचा नियम काही केल्या पाळता येईना. मान खाली जाईना. मला खूप भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज.

सुपरवायझर सर जवळ आले. वयस्कर, जाड चष्म्याचे. त्यांना वाटलं मी कॉपी करते आहे, म्हणून त्यांनी आधी माझं पॅड उलटून पाहिलं. काही सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतः वर पाहिलं. मग गाव विचारलं. मी सांगितलं. ते आपली खुर्ची ओढून माझ्या बाकाशेजारी बसले.

"तू खाली बघून लिही, पोरी," ते म्हणाले. "वर मी बघतो."

आणि ते खरंच मान वर करून बसले. मागच्या बाकांवर पुस्तकांची पानं फडफडायला लागली, चिठ्ठ्या फिरल्या. त्या दिवशी त्या हॉलमध्ये पुष्कळांचं कल्याण झालं असणार. मी लिहीत होते. मध्येच बाहेरून ट्रक गेला आणि बाक थरथरलं. मी वर पाहिलं नाही, त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांची नजर स्लॅबवरच होती. "ट्रक हाय," ते म्हणाले. "लिही."