बिनतेलाचं दार

कारखान्यात तिला सगळे काचपेपर म्हणायचे. काचपेपर म्हणजे लाकूड घासायचा खरखरीत कागद. तोंडावर मात्र कोणी म्हणत नसे, तेवढी छाती होती कोणाची? नवरा गेल्यावर सुतारकामाचा तो कारखाना धाकट्या दिराकडे आला आणि ती आपल्या डबे-कुंचल्यांसकट तिथेच राहिली. दिरानं कापायचं, जोडायचं. वहिनीनं घासायचं, तेल-पॉलिश करायचं. तिनं करवतीला हात लावायचा नाही, त्यानं कुंचल्याला. दोघं एकमेकांना पाण्यात पाहायचे, पण एवढा एक रिवाज पाळायचे.

बिनसलं ते दिराच्या जिभेमुळे. एका गिऱ्हाइकासमोर मोठेपणा मिरवत तो म्हणाला, "खरं काम सुताराचं हो. पॉलिश काय, कोणीही फासतं."

आत ती सगळं ऐकत होती. हातातला कुंचला टाकून तरातरा बाहेर आली. "मग फासा तुम्हीच, भाऊजी."

"नाही फासणार. चांगल्या लाकडाला नटवावं लागत नाही, वहिनी. तसंच उभं करतो बाहेर. बघाच."

आणि केलंही. कारखान्यासमोर, भर उन्हात, चौकटीसकट एक दार नमुना म्हणून उभं राहिलं. ना तेल, ना पॉलिश. हे टिकलं की पॉलिशचं खातंच बंद करणार, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. खातं म्हणजे कोण, हे कळायला ज्योतिषी नको होता. उरलेला जन्म घरात सासूबाईंच्या उशाशी बसून त्यांची कुरकुर ऐकत काढायचा, हे तिला मुळीच मंजूर नव्हतं. आतल्या सामानाचं काम ती करतच होती, पण डोक्यात एकच किडा वळवळत होता. दार फुटलं पाहिजे.

उघड्यावर लाकडाचं काय होतं हे तिला पाठ होतं. आधी रंग उडतो, तांबूस फळी राखाडी पडते. मग हात फिरवला की कुसळं लागतात. पावसात फळी पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, आणि या ओढाताणीत कधीतरी चीर पडते. ती बहुतेक फळीच्या टोकाला, कारण पाणी तिथूनच सर्वांत जास्त शिरतं आणि तिथूनच निघून जातं. रोज सकाळी आल्या आल्या ती दाराच्या खालच्या टोकावरून नख फिरवून बघायची.

पण दार काही राखाडी पडेना. पाऊस झाला, ऊन तापलं, तरी आपलं तुकतुकीत. दीर मिशांवर ताव मारत फिरू लागला आणि हिची झोप उडाली. मग एका सकाळी तिच्या डब्यांच्या कपाटाच्या कडीला एक चिंधी लटकलेली दिसली. हुंगली, तर जवसाचं तेल. तेही तिच्याच डब्यातलं! ती तडक दाराशी गेली. पुढून बोट फिरवलं, बोट ओशट झालं. मागून फिरवलं, तर कोरडं ठणठणीत.

तिला हसूच फुटलं. चोर तो चोर, वर अर्धवट. जे समोर दिसतं तेवढंच रंगवणारा. अशी एकाच बाजूनं तेल पाजलेली फळी तर बिनतेलाच्या फळीहून वाईट. पुढची बाजू पाणी घेत नाही, मागची घटाघटा पिते, आणि फळी पीळ मारते. तिनं चार शब्द सांगितले असते तर दार वाचलं असतं. तिनं सांगितले नाहीत. चिंधी रोज कडीला असायची, रोज ओली. ती मनातल्या मनात त्याला लाखोली वाहायची आणि कामाला लागायची.

एका दुपारी एक गिऱ्हाईक दारावर टिचक्या मारून बघत असतानाच काडकन आवाज झाला. खालच्या टोकापासून थेट कडीपर्यंत तडा. गिऱ्हाईक दचकलं, "विचार करून सांगतो," म्हणालं आणि सटकलं.

ती बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मागून तेल लावलं नव्हतं, भाऊजी."

दीर गर्रकन वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"केव्हापासून. चोरी करायची तर चिंधी लपवायची तरी अक्कल हवी."

"लपवायची?" त्याचा आवाज चढला. "तुमच्याच कपाटाच्या कडीला कोण लपवतं? मुद्दाम टांगत होतो. दाराला तेल लागतंच, हे तोंडानं सांगायची लाज वाटत होती. म्हटलं, चिंधी दिसली की अंगावर धावून याल, माझा उद्धार कराल आणि डबा हिसकावून स्वतःच लावाल. दादा गेल्यापासून शिव्या घालूनच सावरलंत ना मला? रोज वाट बघत होतो."

ती वाकून तड्यावरून नख फिरवू लागली.

"दार गेलं खड्ड्यात. तुम्ही रोज बघत होता आणि गप्प होता." त्यानं हातातला हातोडा बाकावर आपटला. "राहा आता इथेच, कोणी काढत नाही तुम्हाला. फक्त माझ्याशी बोलू नका."

दुसऱ्या दिवशी त्यानं एक नवं कपाट तिच्या पॉलिशच्या खोलीच्या उंबऱ्याशी आणून ठेवलं आणि पाठ फिरवली. कपाटाचा खालचा खण अडकत होता. एरवी एवढ्यावरून तिनं कारखाना डोक्यावर घेतला असता, आणि त्यानंही तोडीस तोड उत्तर दिलं असतं.

"हा खण कोणत्या आंधळ्यानं बसवलाय, भाऊजी?" ती मोठ्यानं ओरडली.

पलीकडे त्याचा रंधा चालू होता. तिनं पुन्हा विचारलं, अजून मोठ्यानं. रंधा चालूच राहिला.