मावशीची पँट आणि कप्तानांचा जिना

माझी धाकटी मावशी ऑपरेशन झालेल्या लोकांना घरी जाऊन पुन्हा चालायला शिकवते. गुडघा बदललेले, खुबा मोडलेले, पडून पडून वैतागलेले असे सगळे तिच्या हाती येतात आणि ती त्यांना गोडीगुलाबीने, नाहीतर टोमणे मारून उभं करते. लोक तिला व्यायामबाई म्हणतात. थंडीत ती बसने फिरते. थंडी ओसरायला लागली की सायकल.

त्या वर्षी उन्हात जरा ऊब आली, रस्त्यातल्या झाडांच्या टोकांना लालसर कोंब दिसले आणि मावशीने जिन्याखालून सायकल ओढून काढली. काका चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"अगं, अख्खा हिवाळा पडून आहे ती. आधी दुकानात दाखव."

"चाकं फिरतायत. अजून काय हवं?" म्हणत ती निघालीसुद्धा.

पहिल्याच उतारावर मागचा ब्रेक रुसला. मग मडगार्ड चाकाला घासून असं काही किंचाळायला लागलं, की पुढे चालणारी माणसं आपणहून बाजूला होऊ लागली. मावशीला ते सोयीचंच वाटलं, कारण घंटी गंजून बसली होती. वारा अजून गार होता, नाक गळत होतं, पण स्वारी खुशीत होती.

त्या दिवशी पहिला नंबर कप्तानांचा होता. कप्तान म्हणजे आयुष्यभर नदीवर फेरीबोट चालवलेले गृहस्थ. गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालेलं. खोलीत ते सगळे व्यायाम मुकाट्याने करत, पण जिन्याचं नाव काढलं की म्हणत, "उद्या बघू." दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचं आणि लेक कामावरून यायची वाट बघायची, एवढाच त्यांचा दिवस. मावशीचे टोमणेही तिथे चालले नव्हते.

त्यांच्या इमारतीसमोर वळताना मावशीची चेन पडली. नुसती पडली असती तर ठीक. पँटचा पाय दात्यांत घेऊनच ती अडकली. मावशी हळूहळू कलंडली आणि फुटपाथवर बसली, सायकल अंगावर. पाय ओढावा तर पँट आणखी आत जाई. टाय लावलेला एक माणूस थांबला, त्याने पेडल उलटं फिरवून पाहिलं, कापड जास्तच घट्ट करून ठेवलं आणि "सॉरी, ऑफिसला उशीर होतोय" म्हणून निघून गेला.

वरून हाक आली, "बाई, काय झालं?"

"अडकलेय. शेजारच्या कुणाला तरी पाठवा ना."

"शेजारी कुलूप आहे."

खिडकी बंद झाली. मावशीला वाटलं, गेले परत खुर्चीत. ती आपली खिळ्यासारखं काहीतरी मिळतंय का म्हणून पर्स उपसत बसली. बऱ्याच वेळाने इमारतीचं दार करकरलं. दारात कप्तान. एका हातात काठी, दुसऱ्यात स्वयंपाकघरातली कात्री, पायात घरातल्या सपाता.

"हलू नका," ते म्हणाले.

"अहो कापू नका, नवी आहे पँट."

"सायकल कापू का मग?"

त्यांनी गुडघ्याखालून पँट कापली. मावशी सुटली, उठली, आणि कपडे झटकता झटकता थांबली. तिने जिन्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं. चेहरा उतरला.

"आता वर कसा जाऊ मी?"

"उतरताना कुठला पाय आधी टाकलात?"

"दुखरा. तुम्ही रोज सांगायचात तसा. ऐकू येत होतं मला."

मावशीला हसू आवरेना. ती म्हणाली, "मग चढताना चांगला आधी. पण घाई कसली, ऊन पडलंय. कोपऱ्यापर्यंत चला माझ्याबरोबर, ही दुरुस्तीला टाकायची आहे."

ते जरा घुटमळले. मग एक हात सायकलच्या सीटवर टेकवून, दुसऱ्या हाताने काठी टेकत निघाले. मावशी हँडल धरून चालत होती, एक पाय पँटीत, दुसरा अर्धा उघडा, वाऱ्याने काकडलेला. येणारेजाणारे वळून बघत होते. दुकानाच्या बाकावर बसून कप्तानांनी मिस्त्रीचं काम होईस्तोवर गप्पा मारल्या. विषय हवा, नदीचं पाणी, नव्या बोटी.

जेवायला घरी आलेल्या लेकीला खिडकीपाशी रिकामी खुर्ची दिसली. ती घाबरून धावत खाली आली आणि हे दोघं तिला समोरून येताना दिसले. तिने पुढे होऊन वडिलांचा दंड धरला.

"सोड," कप्तान म्हणाले. "तू बाजूने चाल."

ती बाजूने चालली. मावशी सांगते, जिना चढताना ते दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा त्यांनी गुडघ्याला शिव्या घातल्या, पण काठी कुणाच्या हातात दिली नाही.