जगदेव पाटलांचा वाघ

मंजुषा मॅडमना इतिहास शिकवत एकोणीस वर्षं झाली होती आणि एकोणीस वर्षं पोरं सनावळ्या पाठ करून परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरत आली होती. अनसिंगजवळच्या त्या शाळेत इतिहासाचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर यायचा, त्यामुळे अर्धा वर्ग पेंगतच असायचा. यंदा मात्र मॅडमनी पुस्तक मिटलं आणि आठवीला म्हणाल्या, "गावातले सगळे खरी मानतात अशी एक गोष्ट निवडा. ती कोण सांगते? त्यानं सोता पाह्यली का? कागद हाय का, फोटो हाय का? शोधून काढा."

पोरांनी नेमका जगदेव पाटलांचा वाघ निवडला.

जगदेव पाटील म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष बबनराव यांचे आजोबा. त्यांनी कुऱ्हाडीच्या एका घावात वाघ लोळवला, हे बबनराव दर सव्वीस जानेवारीला सांगत, आणि दरवर्षी तो वाघ वीतभर लांब होई.

"दुसरं काही नाई का सुचत?" मॅडमनी विचारून पाहिलं.

"तुमीच तं म्हणल्या, सगळे खरी मानतात अशी," इफ्रा म्हणाली. इफ्राच्या अब्बूंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि कुठलीही वस्तू खालून-वरून पाहिल्याशिवाय ती सोडत नसे.

पोरं आठ म्हाताऱ्यांना भेटली. वाघ पाहिलेला एकही निघाला नाही. सहा जणांनी तो बबनरावांच्याच भाषणात ऐकला होता, आणि उरलेल्या दोघांना नीट ऐकूच येत नव्हतं.

ही चौकशी बबनरावांच्या कानावर गेली. ते रागावले नाहीत, उलट खूश झाले. "पुरावा पाह्यजे? या घरी! मॅडम, तुमी बी या."

बैठकीत मोठा फोटो होता. फेटा बांधलेले जगदेव पाटील, खांद्यावर कुऱ्हाड, एक हात वाघाच्या पाठीवर. पोरांनी विज्ञानाच्या कपाटातलं भिंग आणलं होतं. त्यातून ती एकेक करत फोटो पाहू लागली. मॅडम मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या.

"काका," इफ्रा म्हणाली, "वाघाच्या पायाखाली चाकं काहून हायेत?"

बबनराव उठून फोटोजवळ आले.

"आन् मांगच्या डोंगराले घडी पडली हाय," वर्गातल्या पवनने भर घातली. "पडदा हाय तो. खाली कारंजा गावच्या फोटोवाल्याचा शिक्का बी हाय."

बबनरावांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, हेच शिकवून राह्यल्या का तुमी पोट्ट्यायले?"

'चला रे, निघा' हे शब्द मॅडमच्या ओठापर्यंत आले होते. पण अख्खा वर्ग त्यांच्याकडे पाहत होता. "हो," त्या म्हणाल्या. "हेच शिकवून राह्यली मी."

तेवढ्यात आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. जगदेव पाटलांची लेक, बबनरावांची आत्या रुपाबाई, हातात तूर पाखडायचं सूप घेऊन दारात उभी होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसत होती.

"बाबा कायचा वाघ मारतेत! लग्नासाठी फोटो काढाले गेलते ते. फोटोवाल्याजवळ दोनच वस्तू, खुर्ची आन् लाकडी वाघ. खुर्चीवर दुसराच कोणी बसला होता. आईनं तो वाघ पाहून होकार देला. मांगून समजलं तं आठ दिवस बोलली नाई त्यायच्यासंगं."

"मंग मले काहून नाई सांगतलं, आत्या?"

"तू इचारलं कवा? तू तं भाषणंच देऊन राह्यला."

पुढचे तीन दिवस मॅडमना जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी बबनराव शाळेत आले. तास चालू होता आणि वर्गात एकही पोरगं पेंगत नव्हतं. बबनराव शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले आणि तास संपल्यावर हळूच पुढे आले.

"मॅडम, तो आपल्या गावातला मदनसिंग हाय ना, त्याच्या घरी एक तलवार हाय. दोनशे वर्षांची म्हणून लय मिरवते. जरा हे पोट्टे तिकडं धाडा ना."

"धाडीन की," मॅडम म्हणाल्या. "पण ती खरंच दोनशे वर्षांची निघाली तर?"

बबनराव विचारात पडले. ही शक्यता त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती.

"मंग," ते म्हणाले, "मले सांगू नका."