किचन रिकामं केलंत का?

किचन तोडलं की मलबा निघतो. तो ट्रकवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही. ते आमच्याच डोक्यात साचत राहतात आणि मग कोणाच्या घरी जेवायला बसलो की एकेक बाहेर पडतात.

मी प्रदीप गवई, मूळचा अकोल्याचा. इथे बहरीनमध्ये नवीन किचन बसवणाऱ्या एका कंपनीत साइट सुपरवायझर आहे. माझ्याबरोबर असतात आमचे हेड कारपेंटर दाऊदचाचा, रायगडातल्या म्हसळ्याचे. चाचांच्या हातात कला आहे आणि तोंडाला ब्रेक नाही! काम सुरू व्हायच्या आठ दिवस आधी आम्ही दोघं गिऱ्हाइकाच्या घरी जातो, मापं घेतो आणि सांगतो, "किचन रिकामं करा." तीन शब्द. पण या तीन शब्दांचे लोक काय काय अर्थ काढतात!

*

जिदहफ्सला सावंतांचं घर होतं. सावंतवहिनी सामान खोक्यांत भरत होत्या आणि त्यांची आठ वर्षांची अन्वी मार्करने खोक्यांवर नावं लिहीत होती. पोरीला मराठी सगळं कळतं, पण लिहिते इंग्लिशमध्ये. आई सांगेल त्याचं ती आपल्या मनाने भाषांतर करत होती.

आई म्हणाली, "किसणी." पोरीने लिहिलं, 'डेंजर'.

आई म्हणाली, "कुकर." पोरीने लिहिलं, 'शाउटिंग पॉट'.

आजीने पाठवलेल्या लोणच्याच्या बरणीवर तर लिहिलं होतं, 'डोन्ट ओपन. एव्हर.'

दुसऱ्या दिवशी सामान बेडरूममध्ये हलवायला आमची माणसं आली. एका खोक्यावर लिहिलेलं, 'राउंड टेबल'. खोकं दिसायला लहान, पण आत टेबल म्हणजे संगमरवरी असणार! एकाने कमरेला पट्टा आवळला, दुसऱ्याने तिसऱ्याला हाक मारली. तिघांनी खाली वाकून "यल्ला!" म्हणत असा काही जोर लावला, की खोकं छताकडे गेलं आणि तिघंही मागच्या सोफ्यावर आडवे!

आतून पोळपाट घरंगळत बाहेर आला.

अन्वी शांतपणे म्हणाली, "इट्स जस्ट फॉर चपाती, अंकल."

*

मापं घ्यायला गेलं की सगळ्यात नाजूक प्रश्न असतो ओट्याच्या उंचीचा. हा प्रश्न मी एकदा मनामातल्या एका घरात विचारला आणि अजून त्याचा पश्चात्ताप होतोय.

घरात नवरा, बायको रश्मी आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई.

रश्मी म्हणाली, "चौतीस इंच ठेवा. मला वाकून वाकून पाठदुखी लागलीय."

सासूबाई सोफ्यावर गवार निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तीस ठेवा. चौतीसवर मला टाचा उचलून कणीक मळावी लागेल."

नवरा ताबडतोब उठला. "मी जरा गाडी पार्क करून येतो." गाडी सकाळपासून पार्कच होती!

रश्मी गोड आवाजात म्हणाली, "आई, तुमचा व्हिजा तीन महिन्यांचा आहे. ओटा पंधरा-वीस वर्षं राहणार."

सासूबाईंनी मान वर केली नाही. एक गवार मोडली, शीर काढली आणि म्हणाल्या, "व्हिजा वाढतो गं. या वयात उंची वाढत नाही."

चाचांनी टेप खटकन गुंडाळली. "गवई, बत्तीस लिही आणि निघ इथनं!"

*

बुदैयाला एक मोठा व्हिला होता. मालक बहरीनी, अबू हमद. माणूस दिलदार, गेल्या गेल्या खजूर आणि गावा पुढे ठेवणारा. गावा म्हणजे त्यांची वेलचीची कॉफी. अशा घरांत किचनं दोन असतात. एक घरात, चहा-बिहा करायला. दुसरं मागच्या अंगणात, खऱ्या स्वयंपाकासाठी. आमचं काम होतं मागच्या अंगणातल्या किचनचं.

मी फोन करायचो, "बाबा, किचन रिकामं झालं?"

"इंशाल्ला!"

चार दिवसांनी परत विचारलं. "इंशाल्ला!" पण या वेळी जरा लांबवून. चाचा म्हणाले, "इंशाल्लाचे प्रकार असतात. हा पुढच्या महिन्यातला आहे."

शेवटी एके दिवशी त्यांचाच फोन आला. "खलास! सगळं रिकामं. यल्ला, या!"

आम्ही पोचलो. किचन खरंच रिकामं होतं. कपाटं धुतलेली, फरशी चकचकीत, चमचासुद्धा शिल्लक नाही. अबू हमद अभिमानाने दारात उभे. इतकी तयारी केलेलं गिऱ्हाईक मी आजवर बघितलं नव्हतं!

फक्त ते किचन घरातलं होतं.

"आणि हे सगळं सामान कुठे ठेवलं?" मी भीत भीत विचारलं.

"मागच्या किचनमध्ये!" ते म्हणाले. मग थोडा वेळ ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.

"मफी मुश्किल, हबीबी! काही अडचण नाही. आधी हेच तोडा!"

आणि आम्ही दोन्ही किचनं केली. कंपनीतल्या साहेबांनी मला त्या महिन्याचा 'बेस्ट सेल्समन' केलं. मी सेल्समध्ये नाहीच!

*

तात्पुरता स्वयंपाक कुठे करणार, हे मी प्रत्येक घरात विचारतो. मुहर्रकच्या एका बिल्डिंगमध्ये सुर्वेवहिनी म्हणाल्या, "हॉलमध्ये. इलेक्ट्रिक शेगडी आहे माझ्याकडे."

मी वर बोट दाखवलं. "वहिनी, छताला धुराचा अलार्म आहे. पंधरा दिवस फोडणी नको. मासे तर अजिबात नको."

"छे हो! नुसती खिचडी करणार."

वहिनी रत्नागिरीच्या. त्यांनी चार दिवस खिचडी केली. पाचव्या दिवशी शुक्रवार उजाडला, सुट्टीचा दिवस, आणि सुर्वेसाहेब बाजारातून ताजे बांगडे घेऊन आले. पुढचं सांगायला नकोच. दुपारी साडेबारा वाजता अख्ख्या बिल्डिंगचा अलार्म कोकलायला लागला! चार मजल्यांची माणसं जिने उतरून पार्किंगमध्ये जमा. कोणी बनियनवर, कोणी डोक्याला टॉवेल गुंडाळून, एक बाई केसांना मेंदी लावलेल्या अवस्थेत.

सगळ्यात शेवटी सुर्वेवहिनी उतरल्या. दोन्ही हातांत फडकी, आणि फडक्यांत तवा.

वॉचमन ओरडला, "मॅडम, आग लगी तो सामान नहीं लाते!"

"शेगडी बंद केलीय," वहिनी म्हणाल्या, "पण बांगडे एकाच बाजूने झालेत. असे कसे सोडू?"

वॉचमन वही काढून सगळे खाली आले का ते मोजत बसला. त्याचं मोजून होईपर्यंत तापल्या तव्यावर दुसरी बाजूही झाली आणि तवा रिकामाही झाला. मेंदीवाल्या बाईने तर दोन खाल्ले!

पुढच्या शुक्रवारी सकाळी सुर्व्यांची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे फिलिपिनो गृहस्थ दारात उभे होते, अंघोळ करून, भांग पाडून.

"मॅडम," त्यांनी अदबीने विचारलं, "आज अलार्म किती वाजता?"

*

आता दाऊदचाचांचाच एक. तीस वर्षं माणसाने दुसऱ्यांची किचनं बसवली. म्हसळ्यातलं स्वतःच्या घरचं किचन मात्र जुनं ते जुनंच. शेवटी चाचींनी निर्वाणीचं सांगितलं आणि गावातल्या रमेश सुताराला काम दिलं. चाचांनी इथून व्हिडिओ कॉलवर देखरेख सुरू केली. बिचारा रमेश! एका हातात रंधा, दुसऱ्या हातात चाचा.

"बिजागरी वाकडी बसलीय! तो स्क्रू दाखव! तो नाही रे, त्याच्या बाजूचा!"

आठवडाभर हे चाललं. एके दिवशी आम्ही साइटवर डबा खायला बसलो होतो. चाचा फोनवर चालूच. "आतलं फिनिशिंग कसं आहे? मला आतून बघायचंय!"

रमेश म्हणाला, "बघा चाचा, निवांत बघा." त्याने फोन नव्या कपाटात उभा ठेवला, हळूच दार लावलं आणि जेवायला निघून गेला.

चाचांच्या स्क्रीनवर काळोख. "रमेश! ए रमेश! दार उघड! अरे, मी आत आहे!"

आमची सगळी माणसं घास हातात धरून बघायला लागली.

दहा मिनिटं चाचा ओरडत होते. मग पावलं वाजली, दार उघडलं आणि स्क्रीनवर चाची आल्या. त्यांनी आधी कपाट बघितलं, मग नवऱ्याचं तोंड.

"बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या किचनमध्ये आलात," चाची म्हणाल्या, "ते पण कपाटात?"

आणि दार परत लावून टाकलं!

*

बुसैतीनच्या एका बिल्डिंगच्या मालकाने दुसऱ्या मजल्यावरची दोन्ही किचनं नवीन करायला काढली. समोरासमोर दोन फ्लॅट. एकात नसीमा मुकादम, रत्नागिरीच्या. दुसऱ्यात वैशाली इंगळे, आमच्या अकोल्याकडच्याच. एकेकाळी या दोघींची दारं दिवसभर उघडी असायची. एकीच्या कुकरच्या शिट्ट्या दुसरी मोजायची. मग वैशालीताईंनी चकल्यांसाठी नसीमाभाभींचा पितळी सोऱ्या नेला. नसीमाभाभींच्या आईने तो लग्नात दिला होता आणि आई आता हयात नव्हती. वैशालीताई म्हणत, "मी तुझ्या हातात परत दिला." नसीमाभाभी म्हणत, "दिलाच नाहीस." शब्द वाढला. "मी काय चोर आहे?" इथपर्यंत गेला. आणि दोन्ही दारं बंद झाली, ती चार वर्षं. एक लिफ्टने जायची, म्हणून दुसरी जिन्याने.

आधी नसीमाभाभींचं किचन तोडायचं होतं. त्यांनी सगळं रिकामं केलं होतं, फक्त माळा सोडून. "वर काही नाही, जुने डबे आहेत," म्हणाल्या. चाचा शिडीवर चढले आणि डबे खाली द्यायला लागले. तांदळाचा एक मोठा डबा मी हातात घेतला तर आत काहीतरी खडखडलं. झाकण उघडलं. आत जुन्या ओढणीत गुंडाळलेला सोऱ्या!

नसीमाभाभी उलट्या बादलीवर बसल्या. ओढणी चाचपत पुटपुटल्या, "ही माझीच. म्हणजे मीच ठेवला वर."

मग एकदम म्हणाल्या, "गवईभाऊ, पुढच्या आठवड्यात तुम्ही समोरचं किचन तोडणार ना?"

"हो."

"मग हा त्यांच्या माळ्यावर ठेवा. आणि तिथे सापडला म्हणून सांगा."

चाचा शिडीवरूनच म्हणाले, "पोरी, कपाट बसवायला सांग, बसवतो. माणसं फसवायला सांगू नकोस."

भाभींचे डोळे भरून आले. "चाचा, कुठल्या तोंडाने जाऊ? काय काय बोलले मी तिला!"

"त्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणशील?"

त्या उठल्या. सोऱ्या ओढणीखाली धरून दारापर्यंत गेल्या, परत आल्या. पाणी प्यायल्या. परत गेल्या, परत आल्या. तिसऱ्यांदा मात्र समोरची बेल वाजली. मी दाराच्या चौकटीचं माप घ्यायला लागलो. ते माप मी आधीच घेतलं होतं. चाचा शिडीवरून उतरून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

वैशालीताईंनी दार उघडलं. समोर नसीमाभाभी बघून त्यांचा चेहरा ताठ झाला.

"काय आहे?"

नसीमाभाभींनी सोऱ्या पुढे केला. मग एका दमात म्हणाल्या, "हा तुझा सोऱ्या. माझ्याकडे राहिला होता. द्यायचंच राहून गेलं बघ."

वैशालीताईंनी तो हातात घेतला. उलटा केला. बुडाशी ठसठशीत अक्षरं कोरलेली होती, माझ्या जागेवरूनही वाचता येत होती: 'चि. नसीमा हिस, आईकडून'.

वैशालीताईंनी ती अक्षरं नीट वाचली. अंगठ्याने त्यांवरची धूळ पुसली.

"हो गं, माझाच," त्या म्हणाल्या. "चार वर्षं शोधतेय. ये, आत ये."